खांद्यापाशी पातळ

कुपवाडच्या एमआयडीसीत शेवटून दुसरा गाळा आमचा.
नऊ वर्षं मी टाक्या काढतेय:
पाचशे लिटर, हजार, दोन हजार,
झाकणाचे आटे, बुडाची कड,
कंपनीचं नाव साच्यात उलटं,
म्हणजे टाकीवर सुलटं.

मिरजेहून दस्तगीरचाचा आले.
स्कूटरवर मागे पोरगा, पोराच्या मांडीवर
वाकळेत गुंडाळलेला तंबोरा,
तापलेलं मूल दवाखान्यात आणावं तसा.
"दोन फुटले यंदा पार्सलात.
याला टाकीगत पेटी कर."

मी कागद ओढला, सांगत गेले.
आमच्याकडे दाब नसतो, चाचा.
मैद्यासारखी पावडर तोलून साच्यात घालायची,
बोल्ट आवळायचे, भट्टीत न्यायचं, फिरवायचं,
एका अंगानं चार फेरे, दुसऱ्या अंगानं एक.
सावकाश फिरलं की थरावर थर धरत
भिंत तयार होते. बाहेरून आत.
आतल्या अंगाला साचा नाही,
ते होईल तसं होतं.

"भोपळ्याचं तरी काय," ते म्हणाले,
"भीमेकाठच्या वाळूत पडून फुगतो.
आत कोण गेलंय बघायला?"

मग विचारलं, "जाडी किती?"
चार मिलिमीटर.
"सगळीकडं?"
मी हो म्हणाले.
हो म्हणायची सवय असते आराखडेवाल्यांना.

तीन रात्री काढलं.
सपाट पाठ उन्हातल्या पापडासारखी वळते,
म्हणून तिला नजरेत न येणारा फुगवटा दिला.
निवताना माल शंभराला तीन आक्रसतो,
तेवढा साचा थोरला धरला.
मुठीची खाच अरुंद होती,
पावडर तोंडाशीच पूल बांधून बसली असती,
ती दोन बोटं उघडली.

पहिला नग बिराप्पाच्या हातून गेला.
हवेच्या नळीतली काचेची लोकर बदलायची राहिली,
नळी तुंबली,
पंख्याखाली निवताना पेटीनं पोट आत ओढलं,
उपाशी कुत्र्यासारखं.
बिराप्पा त्या दिवशी डबा न खाताच घरी गेला.

दुसरा नग देखणा उतरला.
मी फोन करून बोलावलं, चहा सांगितला.
चाचांनी चहाकडे बघितलं नाही, पेटीकडेही नाही,
खिडकीबाहेर वजनकाट्यावर चढणारा ट्रक बघत
बोटाच्या पेरानं वाजवत गेले,
पोटावरून वर, गळ्याकडे.
टक. टक. टक.
खांद्यापाशी थांबले. परत वाजवलं.
"इथं उतरलंय."

गेज लावला. दोन पॉइंट सहा.
माझ्या कागदावर तिथंही चारच.

साचा जिथं आत शिरतो
तिथं पावडर ठरत नाही, घसरून जाते,
आचही उशिरा पोचते.
हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं.
टाकीचा खांदा बाहेर वळतो,
तिथं माल उलट जादाच साठतो,
त्यामुळे नऊ वर्षांत
मला हे कधी ऐकू यायचं कारणच नव्हतं.

आठची गोलाई तीसची केली.
साच्याला बाहेरून तिथं तांब्याच्या खुंट्या ठोकून घेतल्या,
ऊब लवकर शिरावी म्हणून.
आता तिथं तीन पॉइंट सात येतं.
चार येत नाही. चाचांना सांगितलं.
ते म्हणाले, "तेवढं चालतं गं, वाजतंय ना."

पोट ओढलेली ती पहिली पेटी
त्यांनी मागून नेली, न कापलेलीच.
वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या रांगेत लावलीय म्हणे.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
"हा अजून वाळायचाय," म्हणतात.

बिल अर्धंच आलंय.
आणि बिराप्पा हल्ली पाळी सुटताना
आवारातल्या टाक्यांमधून जाताना
एकेकीच्या खांद्यावर टकटक करतो.
काय ऐकतोस रे, विचारलं
तर म्हणतो, काय नाय,
आणि पुढची वाजवतो.